चंद्राचं खळं

कार्तिक लागला की मी संध्याकाळी गच्चीवर जायचं टाळते. वाळत घातलेले कपडे चारलाच काढून आणते. एखादा टॉवेल विसरला तर राहू दे तिथेच सकाळपर्यंत. शेजारच्या वहिनींना वाटतं, मला थंडी बाधते. मीही वाटू देते. थंडी बाधते असं सांगणं सोपं आहे. चंद्र बाधतो, हे कुणाला सांगणार? लोक हसतील. पूर्वीची मी असते तर मीसुद्धा हसले असते.

सांगलीत हे दिवस खरं तर फार देखणे असतात. कृष्णेवरून गार वारं येतं, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं धडधडत जातात, घाटावर त्रिपुरीच्या दिव्यांची तयारी चालू असते. आणि आमच्या बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं मोबाइल घेऊन गच्चीवर. पूर्वी चंद्र उगवायचा, आता त्याचे फोटो निघतात. कुणाचा फोन दहापट जवळ नेतो, कुणाचा तीसपट. "माझा बघा, खड्डेसुद्धा दिसतायत!" "अहो, थरथरतोय तुमचा!" खालच्या मजल्यापर्यंत ही आरडाओरड ऐकू येते. परवा जिन्यात वहिनींनी मला गाठलंच. म्हणाल्या, "चला ना टीचर, तुमचा हात किती स्थिर आहे!"

"मला नाही जमत हो," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

धादांत खोटं. मला फार छान जमतं. या बिल्डिंगमध्ये कुणाला जमत नसेल इतकं जमतं.

या वर्षी दार लावूनही सुटका नाही, कारण दाराच्या आत मामा आहेत. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर ते आमच्याकडेच राहणार आहेत. दिवसातून चार वेळा मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालते. चारही वेळा त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं आणि चारही वेळा तीन वर्षांपूर्वीची गोष्ट माझ्या जिभेवर येऊन परत जाते. त्यांची मेंढरं गेली त्याचं खापर सगळ्या घरानं फोनच्या डोक्यावर फोडलं. मी फोडू दिलं. खरं काय झालं ते मला एकटीला माहीत आहे, निदान मी तसं धरून चालले होते.

माझं लहानपण पाचगणीत गेलं. वडील तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते. पाचगणीचा चंद्र म्हणजे कायम आजारी माणसासारखा, धुक्याची गोधडी गळ्यापर्यंत ओढून बसलेला. पावसाळ्याचे चार महिने तर तो आहे की गेला, याचाही पत्ता नसायचा. पाऊस येणार का, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलेला मी ऐकला नाही. पाऊस कधी थांबणार, एवढाच प्रश्न. अशा ठिकाणची मुलगी लग्न होऊन माण तालुक्यात आली. म्हसवडच्या अलीकडं फाट्यावरून आत शिरलं की उजाड माळ, माळावर चार घरं, घरांमागं वाघर. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं जाळं. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा येणार. मी जवळच्या वाडीच्या शाळेत शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात माझं नाव पडलं 'पाचगणीची मडम'.

तिथं आभाळ एवढं मोठं होतं की पहिले काही दिवस मला भीती वाटायची. आडोसा म्हणून नाहीच कुठं. आणि त्या आभाळाकडं माणसं सारखी बघायची. आत्ती पीठ मळता मळता बघायच्या, मामा दात घासता घासता बघायचे. मी विचारलं, काय बघताय? तर मामांनी मला अंगणात नेलं. चंद्र वर आला होता आणि त्याच्याभोवती लांबवर एक फिकट कडं होतं. एवढं मोठं की आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मामांनी हात ताठ समोर धरला, पंजा फाकला, अंगठा चंद्रावर टेकवला. करंगळी बरोबर कड्यावर.

"ह्ये खळं," मामा म्हणाले. "वितीभर हाय. दोन दिसात पानी."

"आणि लहान असलं तर?"

"चंद्राला चिकटून असलं तर काय न्हाई. त्ये निसतं नटायला असतं."

दोन दिवसांनी दुपारी पाऊस आला. मी शाळेतून भिजत घरी आले तेव्हा मामा ओट्यावर बसून गालात हसत होते. म्हणाले, "पुस्तकात न्हवतं व्हय ह्ये, मडम?" मला राग आला आणि मजाही वाटली. मोबाइलवरच्या हवामानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सकाळी ढग दाखवायचं, दुपारी ऊन. मामा म्हणायचे, "त्यो साताऱ्याचं सांगतोय. आपला माळ त्येला काय ठावा?"

या खळ्यावर मामांची सगळी वर्षं चालायची. मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, कधी हलवायचा, ओढ्याकाठी कधी उतरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कातरण कधी करायची. दिवाळी झाली की मेंढरांची लोकर कातरतात. कातरलेलं मेंढरू म्हणजे अंघोळीतून ओढून थंडीत उभं केलेलं मूल. ऊन असलं तर आठवड्याभरात अंगावर बारीक लव येते आणि ते सावरतं. त्या आठवड्यात पाऊस आला, वर वारं सुटलं, तर संपलं. म्हणून कातरणीच्या आधी मामा सलग चार-पाच संध्याकाळी खळं बघायचे. सगळं आभाळ मोकळं मिळालं की मगच कातरणाऱ्यांना सांगावा जायचा.

मग मामांच्या डोळ्यात मोती उतरला.

आधी कुणाला कळलंच नाही. एका संध्याकाळी ते म्हणाले, खळं हाय. आत्ती म्हणाल्या, "कुठं हाय? काय तरीच." दुसऱ्या दिवशी परत हाय. तिसऱ्या दिवशी ओट्यावरच्या बल्बकडं बघत ते बराच वेळ बसले आणि मला हाक मारली. "पोरी, मला तर बल्बलाबी खळं दिसतंय. बल्बातनं काय पाऊस पडनार हाय व्हय?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामाही हसले. पण हसू संपल्यावर त्यांनी तोंडावरून हात फिरवला, तो मला आजही दिसतो. मोटारसायकलच्या दिव्याला खळं, चुलीतल्या जाळाला खळं, देवाजवळच्या वातीला खळं. ज्या माणसाची सगळी अक्कल एका कड्यावर उभी होती, त्याला आता सगळ्या जगाभोवती कडी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, महिनाभर धूळ-धूर नको, ओझं नको. मामा म्हणाले, "म्हयनाभर मेंढरं काय डॉक्टर राखनार हाय?" विषय संपला.

त्याच सुमाराला यांनी माझ्यासाठी नवा फोन पाठवला. यांची नेमणूक तेव्हा उत्तरेला बर्फात होती. बोलायला कधी रेंज नसायची, कधी वेळ नसायचा. म्हणून आमचं ठरलं, दोघांनी एकाच संध्याकाळी चंद्राचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. लग्नाला चार वर्षं झालेल्या माणसांनी असा चावटपणा करावा का, असं मला वाटायचं. पण मी रोज वाट बघायचे. पहिले फोटो म्हणजे निव्वळ पांढरा भगभगीत गोळा, जणू कुणी टॉर्च मारलाय. मग यांनी फोनवर शिकवलं. कोपर भिंतीला टेकव, श्वास धर, चंद्र मोठा कर, त्याच्यावर बोट ठेव आणि उजेडाची खूण खाली ओढ. ओढ अजून. मी ओढत गेले तसा भगभगाट ओसरला आणि गोळ्यातून चंद्र बाहेर आला. त्याचे डाग, खड्डे, कडा, सगळं. भोवती काळंभोर. मी किंचाळलेच. वस्तीवरच्या बायका धावत आल्या, काय चावलं बाई म्हणून.

मामांना तो फोटो दाखवला तेव्हा त्यांनी फोन नाकाला लावला. तो पुढं-मागं करून पाहिला. मग म्हणाले, "आरं तिच्या! ससा हाय की गं अजून!" मला वाटलं ते रडणार. कित्येक महिन्यांत त्यांनी कडं नसलेली एकही उजेडाची वस्तू पाहिली नव्हती.

तेव्हापासून चंद्र असेल त्या प्रत्येक संध्याकाळी तेच. दिवेलागण झाली की मामा ओट्यावर येणार, "पोरी, खळं हाय का बघ" म्हणणार, मी फोटो काढणार, फोन त्यांच्या हातात देणार. आश्विनभर हे चाललं. मी आधी वर बघायचे आणि मग फोटो काढायचे. मग फोटो काढून वर बघायला लागले. आणि मग कधी, ते मला सांगता येणार नाही, वर बघायचंच राहून गेलं. पडद्यावर एवढा स्वच्छ दिसतोय तर मान कशाला मोडायची? फोटो स्टेटसला ठेवायचे. शाळेतले सर म्हणायचे, मॅडम, तुम्ही दुर्बीण घेतली का? आणि मी नाक वर करून फिरायचे. मामांना तर मी एकदा सुनावलंसुद्धा, "आवं मामा, लाखो मैलांवरचे खड्डे दिसतात यात. खळं असलं तर दिसणार नाही का?"

माझ्या शहाणपणाचं आता काय करू, सांगा. चंद्र एवढा मोठा केला की पडद्यात फक्त चंद्र उरतो. वितीवरचं खळं त्या चौकटीत येणारच नाही. आणि उजेड खाली ओढला की चंद्राभोवतीचं जे काही फिकट, धूसर, दुधाळ असतं तेच सगळ्यात आधी मरतं. मी रोज खळ्याचा गळा दाबत होते आणि खळं नाही म्हणून सांगत होते. पाचवीच्या मुलांनाही समजेल इतकी साधी गोष्ट आहे ही. मी पाचवीलाच शिकवत होते.

त्या वर्षी कातरण लांबली होती. कार्तिकातली त्रयोदशी. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ सतरा-अठरा दिवसांवर आलेला, आणि रथाच्या आधी कातरण उरकायचीच असं मामांचं ठरलेलं. कातरणारे सहा जण शेजारच्या गावचे. संध्याकाळी फोन करून 'उद्या या' म्हटलं की ते पहाटे निघणार. आत्ती आत चुलीपाशी उद्याच्या जेवणाची डाळ निवडत होत्या. अंगणात मी आणि मामा. वारं पूर्ण पडलं होतं. मेंढरं वाघरीत उगीच कुजबुजल्यासारखी हलत होती. एकही नीट बसलेलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

"बघ पोरी," मामा म्हणाले.

मी कोपर भिंतीला टेकवलं. फोटो असा सुरेख आला की काय सांगू! आजवरचा सगळ्यात चांगला. मी वर न बघता म्हणाले, "नाही मामा, खळं नाही," आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावला.

"लय चकचकीत हाय की."

माझे हात मोकळे झाले होते. त्या मोकळेपणातच मी मान वर केली.

आभाळात खळं होतं. पूर्ण गोल, कुठंही न तुटलेलं, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्यासारखं. चंद्र मध्ये दुधात पडल्यासारखा मळका. पडद्यावरचा आणि हा, दोन निराळे चंद्र. हात वर करून पंजा फाकून मोजायची गरजच नव्हती. किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. तोंड उघडायचं होतं. 'थांबा मामा, आहे' इतकंच म्हणायचं होतं. पण आत्ताच तर नाही म्हटलं होतं. लाखो मैलांवरचे खड्डे मीच दाखवले होते. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मग मनात चोरवाटा फुटायला लागल्या. माझ्यासारख्या पाचगणीच्या मुलीला खळ्यातलं काय कळतंय? नुसतं धुकं असेल. कार्तिकात कुठला आलाय पाऊस? फोनवरच्या हवामानात तर सूर्य आहे. आणि यांना फोटो पाठवायचाय, रेंज आहे तोवर पाठवून टाकू.

मामा थोडा वेळ गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "लाव त्यांना फोन." मी फोन लावून दिला. मामा म्हणाले, "या उद्या."

कातरण मोठ्या गमतीनं चालते. कातऱ्यांचा कचकच आवाज, शिव्या, चहा, पायांत मुंडकं दाबून धरलेली मेंढरं. लोकर उतरली की मेंढरू कसं ओळखू येत नाही, एवढंसं होतं, मानेची हाडं दिसतात, आणि सुटल्याबरोबर ते वेड्यासारखं उडी मारून पळतं. दुपारपर्यंत निम्मा कळप उघडा झाला होता. त्या सहा जणांत एक म्हातारबाबा होते. ते कातर पुसता पुसता म्हणाले, "आवं, राती आमच्यात खळं व्हतं की. वितीभर. म्या म्हनलं तुमी बघितलंच असंल."

कातऱ्या थांबल्या.

मी झटकन पुढं झाले. मला आजही ती माझी चपळाई आठवते आणि किळस येते. "फोटो आहे ना माझ्याकडं," मी म्हणाले आणि फोन सगळ्यांसमोर धरला. माणसं वाकून वाकून बघायला लागली. वा, काय चंद्र हाय! मामांनी फोटो पाहिला नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, ज्या बाजूनं माझा आवाज येत होता तिकडं. मग म्हणाले, "चालू द्या."

संध्याकाळी शेवटचं मेंढरू सुटलं तेव्हा पश्चिमेकडून गार वाऱ्याची एक झुळूक आली. सगळ्यांना बरं वाटलं. उकडत होतं ना दिवसभर.

दुसऱ्या दिवशी त्रिपुरी. सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. अकराच्या सुमाराला पहिला शिंतोडा पडला आणि मग तो थांबलाच नाही. बारीक, तिरका, बर्फासारखा पाऊस, आणि माळावरून सुटलेलं वारं. मेंढरं एकमेकांत शिरायला लागली. मधली बाहेर यायची, बाहेरची मध्ये घुसायची, सगळा कळप एका जागी गरगर फिरत होता. आवाज नाही. ओरडत असती तर बरं वाटलं असतं. आम्ही कोकरं घरात आणली, मग जमतील तेवढी मेंढरं आणली, स्वयंपाकघरात, न्हाणीत, माझ्या खोलीत. बाकीच्यांच्या अंगावर पोती टाकली, घोंगडी टाकली, माझ्या साड्या टाकल्या. यांचा सैन्यातला कोट एका गाभण मेंढीच्या अंगावर बांधला. लग्नातला शालू एकीच्या पाठीवर चिखलात लोळत होता. आणि घरात, कोपऱ्यात, कालची सगळी लोकर ढीग करून ठेवलेली होती. कोरडी ठणठणीत आणि ऊबदार. आत्तींनी एकदा त्या ढिगाकडं पाहिलं, एकदा बाहेर पाहिलं, आणि ओंजळी भरभरून ती लोकर मेंढरांच्या अंगावर टाकायला लागल्या. ती पावसात चिकटायची आणि गळून पडायची. आत्ती परत टाकायच्या. मी त्यांना ओढून आत आणलं तेव्हा त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "कालच तर अंगावर व्हती गं त्येंच्या."

मामा दिवसभर कळपात होते. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून ते हात लावून एकेकीला ओळखत होते आणि नावानं हाक मारत होते. जी पडली तिच्याजवळ बसून तिचे पाय चोळत होते. दुपार सरली तशी नावं कमी होत गेली.

उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता. ऊन इतकं लख्ख पडलं की डोळे दिपावेत. निम्म्याहून जास्त कळप माळावर आडवा पडला होता, माझ्या साड्यांखाली. पंचनाम्याला तलाठी आले. त्यांचा फोन ओला झालेला. ते संकोचून म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनवर काढता का? तुमचा कॅमेरा चांगला आहे म्हणतात." मी काढले. एकेका मेंढराचा, कानावरच्या खुणेसकट. हात अजिबात थरथरला नाही. फोटो एकदम स्पष्ट आले. संध्याकाळी ते पाठवायला गॅलरी उघडली तर पहिल्या मेलेल्या मेंढीला लागूनच त्रयोदशीचा चंद्र. मध्ये दुसरं काहीच नव्हतं.

यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मामांची चौकशी केली. मग म्हणाले, "अगं, तो फोन चंद्र आपला आपण साफ करतो. धूसर असला तरी खड्डे दाखवतो. मी सांगायला पाहिजे होतं." बिचारे, त्यांनी दोष स्वतःकडं घेतला. मग आत्तींनी फोनला शिव्या दिल्या, वस्तीनं दिल्या. कुणीही मला बोललं नाही. सून म्हणजे साधी, फोननं फसवलेली. मी त्या शिव्यांच्या आडोशाला उभी राहिले, आणि त्या माळावर पहिल्यांदा मला आडोसा मिळाला.

उरलेली मेंढरं मामांनी पुढच्या पाडव्याला पाहुण्यांच्या कळपात सोडली. वाघर गुंडाळून माळ्यावर टाकली. माझी बदली सांगलीला झाली. मामा संध्याकाळी ओट्यावर बसायचे, पण खळं हा शब्द त्यांच्या तोंडून परत कुणी ऐकला नाही. या वर्षी ते स्वतःच म्हणाले, आता डोळा करू. मेंढरं नव्हती. महिनाभर काय, वर्षभर वेळ होता.

काल त्रयोदशी होती. जेवणाआधी मामा म्हणाले, "वर जाऊ जरा." मी ताटं मांडायला घेतली. म्हटलं, "गार वारं आहे, मामा." ते काठी शोधायलाच लागले. काय करणार, नेलं हाताला धरून.

गच्चीवर नेहमीची जत्रा. वहिनींनी कौतुकानं आपला फोटो मामांच्या काळ्या चष्म्यासमोर धरला. मामा म्हणाले, "झ्याक हाय, बाई." मग आम्ही पाण्याच्या टाकीपलीकडं कट्ट्यावर जाऊन बसलो. मामांनी चंद्राकडं तोंड केलं आणि बराच वेळ बघत राहिले. नव्या डोळ्यानं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"सुटा हाय," ते म्हणाले. "भवतीनं काय न्हाई."

आणि माझा बांध फुटला. तीन वर्षं जिभेवरून परत गेलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "मामा, त्या दिवशी खळं होतं. फोनमध्ये नव्हतं, पण वर होतं. तुम्ही फोटो बघत होता ना, तेव्हा मी वर पाहिलं. पूर्ण खळं होतं. मी बोलले नाही. आधी नाही म्हटलं होतं म्हणून बोलले नाही. फोननं काही केलं नाही, मामा. मी केलं."

वहिनींकडची मंडळी कशाला तरी जोरात हसली. मामांनी तोंड चंद्राकडंच ठेवलं.

"फोटूवर कोन इसवास ठेवतंय गं," ते हळू म्हणाले. "फोटू बघायला ग्वाड वाटायचा, म्हनून बघायचो. आभाळ काय फोटूत बघत्यात व्हय?" त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "फोन नाकावरनं काढला तवा तू मान वर करून हुबी व्हतीस. लय येळ. तेवढं दिसत व्हतं मला. मी थांबलो. म्हनलं, पोरगी डोळ्यानं बघतीया, असलं काय तर बोलंल. तू बोलली न्हाईस. म्हनून मी त्यास्नी या म्हनलं."

मामांनी चष्मा काढला आणि मान मागं टाकली.

"थेंब घाल. येळ झाली."

बाटली माझ्या पदराच्या गाठीतच होती. मी झाकण काढलं, पण हात असा थरथरायला लागला की पहिला थेंब त्यांच्या गालावर पडला. मामांनी माझं मनगट धरलं, डोळ्यावर नेलं आणि तसंच धरून ठेवलं. डोळा त्यांनी उघडाच ठेवला होता.